रिपोर्ट निगेटिव्ह, पण दम लागतोय

(आपल्या रेडिओवर जानेवारी २०२२ मध्ये प्रसारित झालेलं भाषण)

बायांनो, घरातली कामं आटोपून, कुणी बाजारातून येऊन, कुणी काजूच्या बागेतून येऊन रेडिओ लावला असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज मी बचतगटाच्या हिशोबाचं बोलणार नाही. गेल्या पंधरा दिवसांत मला चार-पाच जणींचे फोन आले, सगळ्यांचा प्रश्न एकच. "ताई, रिपोर्ट निगेटिव्ह इलो मा, मग डॉक्टर घराक सोडत कित्याक नाय?" कुणाचा सासरा, कुणाचा घोव, कुणाची आई दवाखान्यात आहे. तपासणीत कोरोना सापडला नाही, तरी डॉक्टर म्हणतात संशय आहे, ठेवून घेतो. मग घरच्यांना वाटतं की आपल्याला फसवतायत, बिल वाढवतायत, नाहीतर उगाच भीती घालतायत. तिसरी लाट आली आहे, शिमगा तोंडावर आहे, चाकरमानी येतील-जातील. म्हणून याच प्रश्नावर नीट बोलू या.

मी डॉक्टर नाही. मी बीए झालेली, तुमच्यासारखीच गटातून पुढे आलेली बाई आहे. पण या एका गोष्टीत माझ्या हातून चूक झालेली आहे. आधी तीच सांगते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, गुढीपाडवा होऊन गेल्यावर, आमच्या एका गटातल्या काकूंच्या यजमानांना ताप आला. काकू बाजारात मासळी विकतात, यजमान रापणीला जातात. ताप, अंगदुखी, तोंडाची चव गेलेली. दुसऱ्याच दिवशी गावात तपासणी शिबिर होतं. तिथे त्यांची अँटिजेन टेस्ट झाली, वीस मिनिटांत उत्तर आलं, निगेटिव्ह. काकूंनी मला फोन केला. मी आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहिलं, "देव पावलो. काका निगेटिव्ह." वर हात जोडलेली चित्रं टाकली. काकूंना म्हटलं, आता काळजी करू नका.

त्यांनी माझं ऐकलं. काका दोन दिवस माजघरात वेगळे झोपत होते ते पुन्हा सगळ्यांत आले. काकूंच्या सासूबाई, सत्तरी ओलांडलेल्या, त्यांच्याच बाजूला बसून जेवू लागल्या. काकू मासळी घेऊन बाजारात गेल्या. सहाव्या दिवशी काकांना पायरी चढताना धाप लागली. आशाताई ऑक्सिमीटर घेऊन आल्या, बोटाला लावला तर आकडा ८९. रात्रीच गाडी करून दवाखान्यात नेलं.

तिथे त्यांना संशयितांच्या वॉर्डात ठेवलं आणि आरटीपीसीआरसाठी स्वॅब घेतला. तो रिपोर्ट आला, निगेटिव्ह. झालं. काकूंचा झील डॉक्टरांवर चढला. दोनदा निगेटिव्ह आला, मग कोरोनावाल्यांच्या औषधाला का लावता, आम्ही घरी नेतो. मीही फोनवरून त्याचीच री ओढत होते. त्या डॉक्टर बाईंनी त्याला बाजूला घेऊन छातीचा फोटो दाखवला. दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला पांढरे डाग. म्हणाल्या, तुझा कागद नाकातलं सांगतो, हा फोटो छातीतलं सांगतो. ऑक्सिजन काढून मी यांना घरी पाठवू का, ते तूच सांग.

काकांना ठेवलं. दोन दिवसांनी सासूबाईंना ताप आला. त्यांची पहिलीच तपासणी पॉझिटिव्ह. तेव्हा घरच्यांना कळलं की काकांना काय झालं होतं. दोघंही वाचली. पण आजी चौदा दिवसांनी घरी आल्या त्या पूर्वीसारख्या चालत नाहीत, अजूनही भिंत धरून मागल्या दारी जातात. त्या दिसल्या की मला माझा तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज आठवतो.

तर बायांनो, निगेटिव्ह म्हणजे काय?

स्वॅब म्हणजे नाकात किंवा घशात काडी फिरवून घेतलेला नमुना. त्या काडीवर विषाणू आला आणि यंत्राला सापडला, तर पॉझिटिव्ह. नाही सापडला, तर निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्हचा खरा अर्थ एवढाच, की या काडीवर, या वेळी, विषाणू सापडला नाही. अंगातच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. हे मी काकांनाच समजावत होते, तर ते हसले आणि म्हणाले, "पाग टाकलो आणि मासो नाय गावलो, म्हणान खाडयेत मासोच नाय असा होता काय?" मला दहा वेळा वाचून जे सांगता आलं नसतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पाग कधी टाकला, कुठे टाकला, कुणी टाकला, यावर जसं मासळीचं गणित असतं तसंच इथे आहे.

आधी कधी ते बघू. विषाणू अंगात शिरल्यावर पहिले दोन-तीन दिवस नाकात फार थोडा असतो. पुढे वाढत जातो आणि मग ओसरतो. भरती-ओहोटीच समजा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२० साली सात अभ्यासांतली माहिती एकत्र करून हिशोब मांडला. लागण झालेल्या १०० माणसांची लक्षणं सुरू झाल्याच्या दिवशीच आरटीपीसीआर केली, तर सुमारे ३८ जणांचा रिपोर्ट चुकून निगेटिव्ह येतो. लक्षणांच्या तिसऱ्या दिवशी केली, तर चुकणारे सुमारे २० राहतात. त्यानंतर पुन्हा चुकीचं प्रमाण वाढत जातं. म्हणजे अगदी चांगल्या दिवशी केली तरी पाचातला एक सुटू शकतो. लागण झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच घाईने केली, तर जवळजवळ सगळेच सुटतात.

मग कुठे. २०२० च्या मार्चमध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी कोरोनाच्याच रुग्णांचे वेगवेगळ्या जागचे नमुने तपासले होते. खोकून काढलेल्या बेडक्यात १०० पैकी ७२ नमुन्यांत विषाणू सापडला, नाकातल्या नमुन्यांत ६३ मध्ये, आणि नुसत्या घशातल्या नमुन्यांत ३२ मध्येच. नळी घालून फुप्फुसाच्या आतून घेतलेल्या नमुन्यांत मात्र ९३. आजार खाली छातीत उतरला की वर नाकात विषाणू सापडेलच असं नाही. आपले काका सहाव्या दिवशी दवाखान्यात गेले, तेव्हा कदाचित तसंच झालं असावं.

आणि कुणी. काडी नीट आत गेली नाही, माणसाने मान मागे घेतली, नमुना उन्हात राहिला, तरी फरक पडतो. आठवतं ना, सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातले स्वॅब मिरजेला जायचे, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरातल्यांचा जीव टांगणीला असायचा. पुढे ओरोसला जिल्हा रुग्णालयातच तपासणीची सोय झाली, म्हणून तो खोळंबा पुष्कळ कमी झाला.

आता अँटिजेन टेस्ट. ही झटपट होते, पंधरा ते तीस मिनिटांत. पण ती कमी पकडते. आयसीएमआरने, म्हणजे आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, जून २०२० मध्ये तिला मान्यता दिली तेव्हाच सांगितलं होतं, की लागण झालेल्या १०० पैकी साधारण ५० ते ८४ जणांनाच ती पकडते. पण जिला ती पॉझिटिव्ह म्हणते, ती बहुतेक खरीच पॉझिटिव्ह असते. म्हणून नियम असा आहे: अँटिजेन पॉझिटिव्ह, तर पॉझिटिव्ह धरा. अँटिजेन निगेटिव्ह पण ताप-खोकला आहे, तर आरटीपीसीआर करा. सध्या औषधाच्या दुकानात घरच्या घरी करायचे किट मिळतात, त्यांनाही हाच नियम. याच महिन्याच्या १० तारखेच्या सूचनेत आयसीएमआरने हे पुन्हा सांगितलं आहे. मी त्या एप्रिलमध्ये हा नियम वाचला असता, तर हात जोडलेली चित्रं न टाकता "काका, आरटीपीसीआर करा, तोवर वेगळेच झोपा" असं लिहिलं असतं.

मग तुम्ही विचाराल, तपासणीत सापडत नाही, तर डॉक्टर संशय कशावरून घेतात? त्या चार गोष्टी बघतात.

पहिली, रक्तातला ऑक्सिजन. दुसरी, माणूस कुणाच्या संपर्कात आला, घरात-शेजारात कुणी आजारी आहे का. तिसरी, छातीचा एक्स-रे किंवा एचआरसीटी, म्हणजे छातीचा स्कॅन. चौथी, रक्ताच्या तपासण्या. त्यात एक सीआरपी असते. आपल्या उमेदच्या सीआरपी ताई नव्हेत हो! अंगात सूज किती आहे ते दाखवणारी ती तपासणी. या सगळ्यांचा मेळ घालून डॉक्टर ठरवतात. एकट्या स्कॅनवरूनही कोरोना ठरत नाही, कारण तसे डाग दुसऱ्या न्यूमोनियातही दिसू शकतात. म्हणून दुकानात जाऊन साडी दाखवा म्हणावं तसं "स्कॅन काढा" म्हणून मागू नका. डॉक्टरांनी सांगितला तरच काढा. आणि काढावा लागला, तर आपल्या सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे दर ठरवून दिले आहेत. मशिनप्रमाणे २,००० ते ३,००० रुपये, त्याहून जास्त नाही.

ही संशयाची गोष्ट नवी नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये औरंगाबादला 'सारी'ने माणसं जाऊ लागली, तेव्हा वर्तमानपत्रांत तो शब्द सगळ्यांनी वाचला. सारी हा नवा विषाणू नव्हे. अचानक आलेला ताप, खोकला, आणि दवाखान्यात ठेवावं लागेल इतका श्वासाचा त्रास, याला ते नाव. त्यातल्या कित्येकांचा कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह असायचा. आयसीएमआरने त्या सुमाराला देशभरातल्या सारीच्या ५,९११ रुग्णांची कोरोना तपासणी केली होती, त्यात १०४ पॉझिटिव्ह निघाले. आपल्या महाराष्ट्रातले ५५३ तपासले, त्यात २१. म्हणजे त्या सुरुवातीच्या काळात बाकी बहुतेकांचा न्यूमोनिया दुसऱ्या कशाने तरी झालेला असणार. आणि काही थोडे आपल्या काकांसारखे, पागातून निसटलेले.

यातूनच संशयितांच्या वॉर्डाचं कोडं सुटतं. नक्की कोरोना असलेल्यांचा वॉर्ड वेगळा आणि संशयितांचा वेगळा, असं का? कारण संशयितात दोन्ही तऱ्हेची माणसं असतात. ज्याला कोरोना नाही त्याला पॉझिटिव्ह लोकांत झोपवलं तर तो तिथे आजारी पडेल. आणि ज्याला आहे त्याला साध्या वॉर्डात ठेवलं तर तो बाकीच्यांना देईल. म्हणून मधली जागा. तिथेही दोन खाटांत अंतर हवं, मास्क हवा, आणि पुन्हा स्वॅब घेऊन लवकरात लवकर निकाल लावायला हवा. आपलं माणूस तिथे असेल तर हे बघण्याचा, विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणखी एक हक्क नीट ऐका. दुसऱ्या लाटेत कितीतरी दवाखाने म्हणत, आधी पॉझिटिव्ह रिपोर्ट आणा, मग खाट. धाप लागलेली माणसं रिक्षात बसून रिपोर्टची वाट बघत राहिली. सुप्रीम कोर्टाने केंद्राला दाखल करण्याचं धोरण ठरवायला सांगितलं, आणि ८ मे २०२१ ला केंद्राच्या आरोग्य खात्याने आदेश काढला. कोविड रुग्णालयात दाखल होण्यासाठी पॉझिटिव्ह रिपोर्ट सक्तीचा नाही. संशयित रुग्णाला संशयितांच्या वॉर्डात घ्यायचं. तो दुसऱ्या गावचा आहे म्हणून ऑक्सिजन किंवा औषध नाकारायचं नाही. रिपोर्ट नाही म्हणून कुणी दारातून परत पाठवत असेल, तर भांडण न करता या आदेशाची तारीख सांगा. ८ मे २०२१. वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर आठ दिवसांनी, १६ मे ला, आपल्याकडे तौक्ते वादळ आलं. माडांचे शेंडे मोडले, कौलं उडाली, कितीतरी दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. रिपोर्ट मोबाइलवर येणार होते, ते आले की नाही हे कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी कागदाची वाट बघत बसणाऱ्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच आठवा. त्या दिवसांनी एक शिकवलं. रिपोर्ट येवो न येवो, माणसाकडे बघायचं.

माणसाकडे बघायचं म्हणजे काय? ताप तीन दिवसांत उतरत नाही. बोलताना वाक्य पुरं होत नाही, मध्ये दम घ्यावा लागतो. ओठ निळसर दिसतात. माणूस गुंगीत आहे, ओळखत नाही. छातीत दुखतं. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली राहतो. किंवा घरातल्या घरात सहा मिनिटं चालवल्यावर आकडा ३ ने किंवा जास्त उतरतो. यातलं काहीही दिसलं तर निगेटिव्ह रिपोर्ट बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. ऑक्सिमीटर लावताना नखाला रंग नको आणि बोट गार नको. मासळीच्या बर्फात हात घालून आलेल्या बाईचं बोट लगेच लावलं तर आकडा चुकीचा येतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा, मग लावा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. निगेटिव्ह रिपोर्ट पुष्कळदा खराच असतो. ताप आला की कोरोनाच, असं धरून बसलो तर दुसरा आजार निसटतो. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टो असतो, डेंग्यू-मलेरिया असतो. दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडताप आहे. क्षयरोग आहे. हृदयाचा आजार असलेल्यालाही धाप लागते. लेप्टोला वेळेत औषध मिळालं नाही तर किडनीवर, यकृतावर जातं. म्हणून डॉक्टरांना आपण होऊन सांगा: हा माणूस शेतात चिखलात काम करत होता, पायाला जखम होती. किंवा, हा काजूच्या जंगलात गेला होता, तिथे माकडं मेली होती. किंवा, याला शुगर आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. संशयितांच्या वॉर्डात असलेल्या माणसाच्या घरच्यांनी रोज एकदा तीन प्रश्न विचारावेत. आज ऑक्सिजन किती आहे आणि किती लावलाय? दुसरा स्वॅब कधी? कोरोनाशिवाय आणखी कशाच्या तपासण्या केल्या? उत्तरं तारखेसकट वहीत लिहावीत. आपण गटाची वही लिहितो ना, तशीच.

ही वही आणि कागद किती मोलाचे असतात, ते आता सांगते. हे सांगताना मला जड जातं.

आमच्या दुसऱ्या एका गटात माझ्याच वयाची एक वहिनी आहे. दोन मुलं, धाकटी चेडू बालवाडीतली. तिचे यजमान गेल्या मे महिन्यात दवाखान्यात गेले. अँटिजेन निगेटिव्ह, आरटीपीसीआर निगेटिव्ह, स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं भरलेली. सगळे उपचार कोरोनाचे झाले. नवव्या दिवशी ते गेले. तेव्हा घरातल्या मोठ्यांनी डॉक्टरांना हात जोडले, "डॉक्टरांनू, कोरोना तेवढो लिवू नकात." त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. कोरोना म्हटलं की माणसं खांदा द्यायला येत नव्हती. विहिरीवर बायका बाजूला होत होत्या. त्या वर्षी आपण सगळ्यांनीच असं वागून दाखवलं होतं. कागदावर कारण आलं, हृदयक्रिया बंद.

नोव्हेंबरमध्ये सरकारने कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये द्यायचं ठरवलं. मी वहिनीकडे गेले, अर्ज भरू म्हटलं. ती म्हणाली, "आमका खयचे गावतले? रिपोर्ट निगेटिव्ह, कारण वेगळा." मलाही तसंच वाटलं होतं. पण आम्ही बसून नियम वाचले, आणि त्यात हे निघालं. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर तिला सांगा.

एक. मदतीसाठी पॉझिटिव्ह रिपोर्टच हवा असं नाही. दवाखान्यात दाखल असताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तपासण्यांवरून कोरोना आहे असं ठरवलं असेल, तर तोही कोरोनाचा रुग्ण धरतात. तसं ठरल्यापासून किंवा तपासणीपासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल, मग तो दवाखान्याबाहेर झाला असला तरी, तो कोरोनाचा मृत्यू धरतात.

दोन. ग्रामपंचायतीतून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं. कारण असतं ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर. दवाखान्यातल्या मृत्यूसाठी फॉर्म ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी फॉर्म ४-अ. त्यावर कोरोना नाही एवढ्याच कारणावरून मदत नाकारता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने ४ ऑक्टोबर २०२१ ला सांगितलं आहे.

तीन. कारणाबद्दल तक्रार असेल तर जिल्ह्यात एक समिती आहे. तिच्यात अपर जिल्हाधिकारी आणि डॉक्टर असतात. ती कागद बघून ठरवते आणि ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिथे आपली बाजू कागद मांडतात. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिलं.

अर्ज ऑनलाइन आहे, महाकोविड१९रिलीफ डॉट इन या ठिकाणी. वारसाचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मृत्यूचा दाखला आणि दवाखान्याचे कागद लागतात. सेतू केंद्रात किंवा शिकलेल्या मुलाकडून भरून घेता येतो. त्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका.

वहिनीने पत्र्याच्या पेटीतून कागदांची पिशवी काढली. वादळात कौलं उडाली तेव्हा ती भिजली होती. स्कॅनची फिल्म चिकटलेली, दोन रिपोर्टांची शाई पसरलेली. पण एक पान शाबूत होतं, केसपेपरचं. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, "कोविड न्यूमोनिया, संशयित. आरटीपीसीआर निगेटिव्ह. स्वॅब पुन्हा." ते पान बघून ती रडली नाही. म्हणाली, म्हणजे त्यांना काय झालेला ता डॉक्टरांका म्हायत होता. आठ महिने शेजारीपाजारी कुजबुजत होते, नवरा कशाने गेला कुणास ठाऊक, दारूने असेल. तिला पैशांइतकंच हेही हवं होतं, की कुणीतरी कागदावर खरं लिहावं. आम्ही भिजलेल्या रिपोर्टांच्या नकला दवाखान्यातून मागवल्या, अर्ज समितीकडे गेला आहे. निकाल अजून यायचा आहे. काय होईल ते याच रेडिओवरून तुम्हाला सांगेन.

म्हणून माझी प्रत्येक गटाला विनंती आहे, पुढच्या बैठकीत चार गोष्टी ठरवा.

गटाच्या पैशातून एक ऑक्सिमीटर घ्या आणि तो कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या. प्रत्येक घरात दवाखान्याच्या कागदांची एक प्लॅस्टिकची पिशवी करा, आणि ती कौलांखाली नाही, कपाटात ठेवा. ताप-खोकला असलेल्या बाईला निगेटिव्ह रिपोर्ट आला तरी बैठकीला बोलावू नका, तिचा हप्ता तिच्या दारावरून घ्या. ती बरी होईपर्यंत तिच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेगळं ठेवायला मदत करा. आणि तिला पेज, भाजी, पाण्याची घागर पोचवा. वेगळं ठेवायचं, पण वाळीत टाकायचं नाही. या दोहोंत फरक आहे तो आपण गेल्या दोन वर्षांत पुष्कळदा विसरलो. कोरोना हा शब्द लपवायची वेळ वहिनीच्या घरावर आली, ती आपल्या त्या वागण्यामुळे.

लसीचे दोन डोस राहिले असतील तर घ्या. १५ ते १८ वर्षांच्या मुलांना या महिन्याच्या ३ तारखेपासून लस सुरू झाली आहे, आणि साठीच्या पुढच्या आजारी माणसांना १० तारखेपासून तिसरा डोस. आशाताईंना विचारा, त्या केंद्र आणि वार सांगतील.

आणि पुन्हा कुणाचा निगेटिव्ह रिपोर्ट मोबाइलवर आला तर हात जोडलेली चित्रं टाकायच्या आधी दोन प्रश्न विचारा. तपासणी कितव्या दिवशी केली? आणि आता दम लागतोय का?

काकूंच्या सासूबाई आज हे ऐकत बसल्या असतील. आजी, तुमची मी माफी मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुका तरी खय म्हायत होता." तेव्हा नव्हतं माहीत. आता आहे, म्हणून हे सगळ्यांना सांगितलं.

काळजी घ्या बायांनो. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.